रिकामा चौकोन

माझ्या आईला मी अमेरिकेत नेमकं काय काम करतो हे शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारपाजारच्या बायकांनी विचारलं की ती ‘कंप्युटरमध्ये आहे’ एवढं सांगून मोकळी व्हायची, जणू मी त्या खोक्याच्या आतच राहायला गेलो होतो. खरं म्हणजे माझं काम एका वाक्यात सांगता येतं. लोकांनी दिलेली ‘हो’ आणि ‘नाही’ ही उत्तरं सांभाळून ठेवायची आणि कुणी मागितली की पडद्यावर नीट दाखवायची. बँक असो, विमा कंपनी असो की हॉस्पिटल, सगळीकडे तेच. पैसे भरले का? सही झाली का? रुग्णाला मधुमेह आहे का? डेटाबेसमध्ये ही उत्तरं १ किंवा ० होऊन पडलेली असतात आणि पडद्यावरच्या तक्त्यात, म्हणजे आमच्या भाषेत ग्रिडमध्ये, त्यांचे छोटे छोटे चौकोन होतात. चौकोनात बरोबरची खूण असली तर हो, चौकोन रिकामा असला तर नाही. याला म्हणायचं चेकबॉक्स.

आता स्मरणिकेत हा विषय कशाला, असं तुम्ही म्हणाल. संपादकांनीही ‘फार तांत्रिक नको हं’ अशी प्रेमळ तंबी दिलीच आहे. पण या रिकाम्या चौकोनाची गाठ दोन वर्षांपूर्वी थेट आपल्या संक्रांतीशी पडली, म्हणून लिहितो आहे. मंडळी, पहिली दोन पानं जरा सांभाळून घ्या.

या हो-नाहीचे मूळपुरुष म्हणजे जॉर्ज बूल (१८१५–१८६४) हे इंग्रज गणिती. माणसाचा तर्क गणिताच्या चिन्हांत मांडता येतो, हे सांगणारं त्यांचं मोठं पुस्तक १८५४ साली आलं. म्हणून अशा कॉलमला आम्ही आजही ‘बूलियन’ म्हणतो. ज्यांचं नाव हिमालयातल्या शिखराला दिलं ते जॉर्ज एव्हरेस्ट म्हणजे बूलसाहेबांच्या बायकोचे सख्खे काका, आणि बूल यांचे स्नेही, तर्कशास्त्रातले दुसरे मोठे नाव ऑगस्टस डी मॉर्गन, यांचा जन्म मदुराईचा. याचा पुढच्या गोष्टीशी काही संबंध नाही, पण आपल्याकडचा धागा दिसला की मला राहवत नाही.

मी पहिला डेटाबेस शिकलो तो १९८९ साली, ठाण्याच्या एका क्लासमध्ये. डीबेस थ्री प्लस. त्यात ‘लॉजिकल’ नावाचं एका अक्षराचं फील्ड असायचं आणि यादी काढली की पडद्यावर दोन टिंबांच्या मध्ये टी किंवा एफ उमटायचा. गंमत म्हणजे त्या फाइलच्या आतल्या रचनेत तिसऱ्या अक्षराची सोय होती: प्रश्नचिन्ह. म्हणजे ‘अजून कुणी काही भरलेलं नाही’. क्लासच्या सरांनी ते कधी सांगितलं नाही आणि परीक्षेतही आलं नाही.

इथे आल्यावर आपल्या मंडळाची सभासद-यादी काही वर्षं ॲक्सेसमध्ये होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ॲक्सेसमध्ये ‘यस/नो’ असा खास कॉलम मिळतो. त्यात ‘नाही’ म्हणजे ० आणि ‘हो’ म्हणजे चक्क उणे १. उणे का, तर शून्याचे सगळे बिट उलटे केले की संगणकाच्या हिशोबात −१ येतो. त्यामुळे ‘दिवाळीच्या जेवणाला येणार’ या कॉलमची बेरीज केली की −१८७ असा आकडा यायचा, आणि आमचे तेव्हाचे खजिनदार चष्म्यावरून बघत म्हणायचे, “म्हणजे एवढी माणसं आपल्याला जेवायला घालणार का?” शिवाय या कॉलमला तिसरं उत्तर ठेवताच येत नाही. तळ्यात नाहीतर मळ्यात. मध्ये काठावर उभं राहायला जागा नाही.

मोठ्या डेटाबेसमध्ये मात्र काठावर जागा असते. तिला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘नाही’ नव्हे, तर ‘ठाऊक नाही’. आजच्या डेटाबेसचा पाया १९७० साली ज्यांनी घातला ते एडगर कॉड या नलचे कट्टर समर्थक. १९९० च्या पुस्तकात तर त्यांनी त्याचे दोन प्रकार करायला सांगितले होते: एक, माहिती असायला हवी पण हातात नाही, दुसरा, इथे प्रश्नच लागू होत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या ओळीत ‘लग्नाची तारीख’ मोकळी असते तो दुसरा प्रकार. धंद्यातल्या लोकांना एकच नल सांभाळता येईना, तिथे दोन कोण सांभाळणार? ती सूचना तशीच राहिली.

नलचं वागणं त्रिशंकूसारखं असतं. ज्यांचं उत्तर १ आहे त्यांची यादी मागा, तो त्यात नाही. ज्यांचं उत्तर ० आहे त्यांची मागा, त्यातही नाही. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण सभासदांइतकी होत नाही आणि नवीन पोरं डोकं धरून बसतात. एक नल दुसऱ्या नलइतकाच आहे का, असं विचारलं तर डेटाबेस हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मला हे फार समंजसपणाचं वाटतं. रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांचं वय सारखं आहे का, असं कुणी विचारलं तर आपण तरी काय सांगणार?

म्हणजे पोटात तीन उत्तरं आणि पडद्यावरच्या चौकोनाला येतात दोनच. नल आला की बहुतेक ग्रिड मुकाट्यानं रिकामा चौकोन काढून मोकळे होतात. वेबपानावर तर आणखी मजा. तिथे तुम्ही चेकबॉक्सवर खूण केली नाहीत तर ब्राउझर त्याबद्दल काहीच पाठवत नाही. ‘नाही’ असंही पाठवत नाही. पलीकडच्या प्रोग्रॅमनं त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘नाही’ असा लावायचा. आपल्याकडे मौनं संमतिलक्षणम्, इथे मौन म्हणजे नकार!

आमच्या शाळेतले गुरुजी याबाबतीत जास्त शहाणे होते. हजेरीपटात हजर मुलापुढे एक खूण आणि गैरहजर मुलापुढे दुसरी. घर मोकळं दिसलं तर त्याचा अर्थ एकच, अजून नाव पुकारलेलं नाही.

आता संक्रांतीकडे येतो.

अमेरिकेत २००४ च्या कायद्यानं खाण्याच्या वस्तूंच्या वेष्टनावर आठ मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ स्पष्ट लिहिणं सक्तीचं केलं. त्यात शेंगदाणा होता. दाण्याच्या कुटाशिवाय ज्यांची कोशिंबीर होत नाही अशा आपल्या लोकांनी ते लवकरच मनावर घेतलं आणि मंडळाच्या फॉर्मवर मुलांच्या नावापुढे ‘शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का’ हा प्रश्न बरीच वर्षं आहे. तीळ मात्र त्या आठांत नव्हता. २०२१ च्या कायद्यानं तो नववा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनावर लिहिणं सुरू झालं. अर्थात घरी वळलेल्या लाडवांना कुठलं आलंय वेष्टन! म्हणून २०२३ च्या शेवटी कार्यकारिणीनं ठरवलं की यादीत तिळाचाही कॉलम हवा, आणि यादी सांभाळणाऱ्या तरुण स्वयंसेवकानं तो त्याच रात्री घातला. काम चोख होतं. जुन्या ओळींमध्ये त्यानं नल ठेवला, खोटा शून्य भरला नाही. पण ग्रिडमध्ये चेकबॉक्स दोनच रूपांचा होता.

आठवड्याभरानं स्वयंपाकाचं बघणाऱ्या आमच्या काकूंनी लॅपटॉप उघडला. बोरन्हाणाची नावं आली होती, हलवा मागवायचा होता.

“अरे, बरं झालं बघ,” काकू म्हणाल्या, “तिळाचं कुणालाच काही नाही. एकसष्ट मुलं, एक खूण नाही.”

“काकू, हे विचारलं कधी त्यांना?”

“म्हणजे काय? कॉलम आहे ना? मग विचारलंच असेल कुणीतरी.”

काकूंचं काही चुकलं नव्हतं. शेजारीच शेंगदाण्याचा कॉलम होता, त्यात चार खुणा आणि सत्तावन्न रिकामे चौकोन. ते सत्तावन्न खरे होते. पालकांनी विचार करून ‘नाही’ म्हटलेले. तिळाचे एकसष्ट चौकोन अगदी त्यांच्यासारखेच दिसत होते, त्याच मापाचे, तेवढेच पांढरे. मी मागे जाऊन मूळ तक्त्यात मोजणी केली. हो: शून्य. नाही: शून्य. ठाऊक नाही: एकसष्ट.

मग तीन संध्याकाळी आम्ही चौघांनी नावं वाटून घेतली आणि फोन केले. बहुतेक घरांतून ‘छे हो, तीळ कुणाला बाधतो?’ असं हसून उत्तर आलं. दोन घरांतून मात्र हसू आलं नाही. एक मुलगा आठ वर्षांचा, त्याच्या दप्तरात कायम एपिपेन असतं. दुसरी मुलगी चौदा महिन्यांची. पाळणाघरात हमस खाल्ल्यावर तिच्या तोंडाभोवती गांध्या उठल्या होत्या. हमसमधल्या ताहिनीवर, म्हणजे तिळावरच, डॉक्टरांचा संशय होता आणि तपासणीची तारीख फेब्रुवारीतली मिळाली होती. तिचं नाव बोरन्हाणाच्या यादीत होतं. तिची आई इथेच जन्मलेली, मराठी छान बोलते. ती म्हणाली, “पण मावशी, आम्ही तिळगूळ देणारच नव्हतो तिला. बोरन्हाणात तर फक्त तो पांढरा हलवा असतो ना, साखरेचा?”

हलव्याच्या प्रत्येक काटेरी दाण्याच्या पोटात तीळ असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? ज्यांना माहीत असतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. आणि बोरन्हाण म्हणजे मुलांच्या डोक्यावरून ओतायचं आणि त्यांनी खालचं मुठीनं गोळा करून तोंडात टाकायचं.

त्या वर्षी बोरन्हाणाला चुरमुरे आणि बत्तासे ओतले. हलव्याचे दागिने आणि तिळगूळ दुसऱ्या खोलीत, झाकणाच्या डब्यांत. एक-दोन आजीबाईंनी ‘हलव्याशिवाय कसलं बोरन्हाण’ म्हणून नाक मुरडलं, ते चालायचंच.

ग्रिड दुरुस्त करायला आम्हाला फोनपेक्षा जास्त वेळ लागला. स्वयंसेवकाला उपाय ठाऊक होता. डॉटनेटच्या ग्रिडमध्ये चेकबॉक्सच्या कॉलमला ‘थ्रीस्टेट’ नावाचा गुण असतो. तो एरवी बंद असतो. चालू केला की नलच्या जागी रिकाम्याऐवजी भरीव चौकोन दिसतो. त्यानं पाच मिनिटांत ते केलं. तांत्रिकदृष्ट्या एकदम बरोबर. काकूंनी पडद्याजवळ जाऊन पाहिलं.

“हा अर्धामुर्धा भरलेला कशाला? थोडीशी ॲलर्जी आहे का?”

एका काकांना वाटलं, तो चौकोन कुलूप लावलेला आहे, आपल्याला बदलायची परवानगी नाही. एकीला तो ‘हो’च वाटला. त्यावर माउस नेला की अर्थ उमटेल अशी युक्ती त्यानं सुचवली. पण स्वयंपाकघरात यादी छापून भिंतीला चिकटवतात, त्या कागदावर माउस कुठून आणणार?

शेवटी चेकबॉक्स काढून टाकला. आता त्या कॉलममध्ये शब्द असतात: ‘आहे’, ‘नाही’, ‘विचारले नाही’. शेजारी विचारल्याची तारीख, कारण लहान मुलांच्या बाबतीत ‘नाही’सुद्धा शिळं होतं. वेबवरच्या फॉर्ममध्ये दोन गोल बटणं आहेत, दोन्ही सुरुवातीला मोकळी, आणि एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॉलम रुंद झाला, ग्रिड आडवा सरकवावा लागतो, स्वयंसेवकाला तो दिसायला अजूनही आवडत नाही. मला त्याची कळकळ समजते. चौकोनांची सरळ ओळ डोळ्याला छान वाटते आणि मीही आयुष्यभर तशा ओळी काढल्या आहेत.

‘वर्गणी भरली’ किंवा ‘कूपन दिले’ याला मी अजूनही खुशाल चेकबॉक्सच ठेवतो. वर्गणी भरल्याची नोंद नसेल तर ती भरलेली नाही, असं धरून खजिनदारांनी एक फोन केला म्हणून कुणाचं बिघडत नाही. पण ज्या गोष्टीसाठी एखाद्या माणसाला जाऊन विचारावं लागतं, त्याच्या शरीराबद्दल, त्याच्या घराबद्दल, तिथे मी आता चौकोन काढत नाही. नोकरीच्या ठिकाणीही एक-दोन बैठकांत मी यावरून अडून बसलो आहे. एकदा ऐकलं, एकदा नाही ऐकलं.

तीन संध्याकाळींच्या फोनांचा हिशोब सांगायचा राहिला. एकसष्टांपैकी पंचावन्न ‘नाही’, दोन ‘आहे’ आणि चार घरांनी फोन उचललाच नाही. त्यांपैकी दोघांचे नंतर फोन आले, ‘नाही’ म्हणून. तिसरं कुटुंब ऑस्टिनला राहायला गेलं होतं. चौथ्यांचं घर काकूंच्या ऑफिसच्या वाटेवर, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या शुक्रवारी त्या स्वतःच दार वाजवून आल्या आणि मला व्हॉट्सॲपवर एकच शब्द पाठवला, ‘नाही’.

मी लगेच फोन लावला. “काकू, नाही म्हणजे ॲलर्जी नाही, की घरी कुणी नाही?”

“घरी कुणी नाही रे,” काकू म्हणाल्या. “थांब, उद्या सकाळी परत जाते.”