घरीच ठेव मला

खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. ह्यांना जाऊन परवा सात महिने झाले. भेटायला आलेल्या माणसांनी एक प्रश्न हमखास विचारला. कुणी तोंडावर, कुणी माझ्या माघारी. "शेवटी घरी का नाही ठेवलं?" धाकटे भाऊजी तर साताऱ्याहून फोनवर म्हणाले होते, "वहिनी, दादाला असं परक्या ठिकाणी टाकायचं?" तेव्हा मी काही बोलले नाही. आज सगळं जसं घडलं तसं सांगते.

ह्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. कळलं तेव्हाच तो यकृतात उतरलेला होता. केमोचे चार डोस झाले. मग डॉक्टर म्हणाले, "आता ह्याचा उपयोग होणार नाही, त्रास मात्र होईल." घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "काही झालं तरी घरीच ठेव मला." मी हो म्हटलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या. नाही कसं म्हणणार?

तीन महिने ठेवलं. दुखणं पोटातून पाठीत जायचं. आडवं झोपता येत नसे. पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं, म्हणून रात्र रात्र टेबलावर उशी ठेवून तिच्यावर डोकं टेकून बसायचे. ब्युरोकडून रात्रीसाठी मुलगा ठेवला होता. तो दोन दिवस आला की तिसऱ्या दिवशी दांडी. माझं वय चौऱ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले. मुलगी बंगळूरहून येऊन आठ-आठ दिवस राहायची, पण तिलाही नोकरी, शाळेत जाणारी मुलं. एका पहाटे हे न्हाणीघरात पडले. मला उचलता येईना. शेजारच्यांना हाक मारून ते येईपर्यंत पंधरा मिनिटं आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसून होतो. हे म्हणाले, "अगं, गाडी बसली. आता किती ढकलशील?" दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस, दुसरं काय म्हणणार!

वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, १९९७ पासून. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची तिथे विनामूल्य काळजी घेतात. कर्वेनगरातल्या आमच्या घरापासून फार लांबही नाही. इतकी वर्षं त्या भागातून जाता-येता मला त्याची कधी चौकशी करावीशी वाटली नव्हती. अशा ठिकाणांना हॉस्पिस म्हणतात. डॉ. सिसिली सॉन्डर्स ह्या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये आधुनिक पद्धतीचं पहिलं सुरू केलं. आपल्याकडचं पहिलं १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघालं, शांती आवेदना सदन. मास्तरीण असल्यामुळे हे सगळं नंतर शोधून वाचलं. तेव्हा मात्र मला एवढंच कळत होतं, की मी दिलेला शब्द मोडते आहे.

पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषधांची पिशवी मागितली. गोळ्यांची पाकिटं मोजली आणि हळूच विचारलं, "मॉर्फिनच्या एवढ्या गोळ्या शिल्लक कशा?"

ही गोष्ट मी आजवर मुलीलाही सांगितलेली नाही. गोळी दर चार तासांनी द्यायची होती. मी ती ह्यांना असह्य झालं की मगच देत होते. मला वाटायचं, ह्याची सवय लागेल. आत्ताच जास्त दिली तर पुढे लागू पडणार नाही. आणि खरं सांगायचं तर, मॉर्फिन म्हणजे शेवट असं डोक्यात बसलं होतं. ती गोळी लांबवली की शेवट लांबेल, असा काहीतरी वेडा हिशेब. १९८५ च्या कायद्यानंतर हे औषध मिळणं फार अवघड झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीनं ते सोपं केलं. कायद्यानं वाट मोकळी केली होती. अडवून बसले होते मी.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की दुखणं परत यायच्या आत पुढची गोळी पोटात गेली पाहिजे, म्हणून घड्याळ बघून द्यायची. दुखण्यासाठी अशी मोजून घेतलेल्या गोळीचं व्यसन सहसा लागत नाही. दुखणं वाढलं तर डोस वाढवता येतो. पोट साफ होण्याचं औषध मात्र सोबत हवंच. तिसऱ्या रात्री हे आडवे झोपले. सलग पाच तास. मी शेजारी बसून रडत होते. आनंदाने की शरमेने, माझं मलाच कळेना.

आणखी एक. ह्यांना सगळं माहीत नाही, असं मी धरून चालले होते. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली ठेवले होते. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" हे म्हणाले, "मला ठाऊक आहे. फक्त हिला सांगू नका, घाबरेल." मी दारातच उभी होते.

त्यानंतरचे दिवस आम्ही खरे बोललो. पेन्शनचे कागद, मुलीची काळजी, १९८३ साली झालेलं आणि दोघांनीही मनात धरून ठेवलेलं एक भांडण. घरी असताना माझं सगळं लक्ष चादरी, भांडं आणि घड्याळ ह्यात. तिथे ते काम करणारी माणसं होती. मी नुसती शेजारी बसून पेपर वाचून दाखवायची, शब्दकोडं सोडवायची. एकदा डोळे मिटूनच म्हणाले, "त्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, सांग त्यांना." दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन माणूस आला आणि ह्यांनी पडल्या पडल्या त्याला सूचना दिल्या. किती दिवसांनी तो चेहरा दिसला!

शेवटी शेवटी जेवण सुटलं. मी पेजेचा चमचा पुढे केला की मान वळवायचे. शरीरच मागत नाही, बळजबरी नको, असं सिस्टरांनी सांगितलं. ओठांना ओला बोळा लावायला शिकवलं. एकोणिसाव्या दिवशी पहाटे गेले. हात माझ्या हातात होता. कपाळावर आठी नव्हती.

भाऊजी, दादांना मी टाकलं नाही. पण ते घरीच ठेव म्हणाले होते आणि मला ते जमलं नाही, ही रुखरुख आहेच. ती राहील. त्याहून मोठी बोच त्या शिल्लक गोळ्यांची आहे. ते तीन महिने मला परत आणता येत नाहीत.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात असं कुणाचं दुखणं असेल, तर अगदी शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका, आधीच चौकशी करा. आणि गोळी घड्याळ बघून द्या.