अर्धे मिनिट

पाचगणीतील ती डिसेंबरची पहाट आम्ही विसरलेलो नाही. वडिलांना शस्त्रक्रियेसाठी साताऱ्याला न्यायचे होते आणि आमची जुनी डिझेल जीप सुरूच होईना. स्टार्टर जोमाने फिरत होता. म्हणजे बॅटरी निर्दोष होती. शालीत गुरफटलेले वडील मागून म्हणाले, "धूर बघा रे." धूर पांढरा होता. "डिझेल पोचतंय, पेटायला ऊब नाही."

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. थंडीत ती अपुरी पडते, म्हणून ग्लो-प्लग आधी तापवावे लागतात. त्यांची तार गंजली होती. ती घासून घट्ट बसवली, अर्धे मिनिट थांबलो; इंजिन धडधडले.

त्या प्रवासातून वडील परतले नाहीत. जीप अजून आहे. हिवाळ्यात किल्ली फिरवण्यापूर्वी आम्ही निमूटपणे थांबतो.