डबल झिरोचं गाव

ऑनसाइटला गेलेला मित्र पहिल्या लाँग वीकएंडला कुठे पळतो? अर्थात लास व्हेगासला! परत आला की फोटो दाखवतो. नकली आयफेल टॉवर, बेलाजिओची कारंजी, पहाटे चारचा झगमगाट. कॅसिनोत किती घालवले ते विचारा, साहेब लगेच विषय बदलतात.

गंमत म्हणजे यातले बरेचसे फोटो लास व्हेगास शहराचे नसतातच. जिथे ही बडी हॉटेलं आहेत ती 'स्ट्रिप' बहुतांशी पॅराडाइज नावाच्या वस्तीत येते. १९५०च्या सुमारास शहराला ही हॉटेलं हद्दीत ओढून कर घ्यायचा होता. हॉटेलवाले जास्त हुशार, त्यांनी आपली वेगळी वस्तीच जाहीर करून घेतली!

मूळ गाव वसलं १९०५मध्ये, रेल्वे कंपनीने वाळवंटात केलेल्या प्लॉटच्या लिलावातून. नशीब उघडलं ते १९३१ला. मंदीने टेकीला आलेल्या नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि सहा आठवडे राहिलात तर घटस्फोट, अशीही सोय केली. त्याच वर्षी जवळच हूवर धरणाचं काम सुरू झालं. मजुरांसाठी वसवलेल्या बोल्डर सिटीत जुगाराला बंदी (ती आजही आहे). मग खिशातला पगार जाणार कुठे?

पुढे माफिया आले. बग्सी सीगलचं 'फ्लेमिंगो' १९४६मध्ये उघडलं, सहा महिन्यांत त्याचा खून झाला. १९६९च्या कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना कॅसिनो चालवणं सोपं झालं आणि डॉनच्या खुर्चीत एमबीए बसला.

फसवणुकीची त्याला गरजच नाही, कारण इथला खरा फंडा साधं गणित आहे. अमेरिकन रूलेटच्या चाकावर ३८ खाने असतात: १ ते ३६, एक झिरो आणि एक डबल झिरो. तुमचा नंबर लागला तर मिळतात ३५ पट. हिशेब केलात तर लावलेल्या दर १०० डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोचे. आता स्ट्रिपवर तीन झिरोंची चाकंही फिरतात. तिथे हा आकडा पावणेआठच्या घरात जातो. तरी लोक खेळतात!

आणि न खेळणारेही सुटत नाहीत. १९९०च्या दशकाअखेरीपासून स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांची निम्म्याहून जास्त कमाई खोल्या, खाणंपिणं आणि शो यांतून येते. वर भाड्याव्यतिरिक्त 'रिसॉर्ट फी' वेगळी. म्हणजे पत्त्याला हात न लावताही खिसा हलका.

पण सगळ्यात मोठा जुगार हे गाव स्वतः खेळतं. सगळे पैसे एकाच नंबरवर: दुसऱ्यांची सुट्टी. २००८च्या मंदीत कर्जं थकून नेवाडात घरांवर धडाधड जप्ती आली. मार्च २०२०मध्ये कॅसिनोंना कुलपं लागली ती ७८ दिवस. एप्रिलमध्ये राज्यातली बेकारी ३० टक्क्यांच्या आसपास, देशात सर्वाधिक. यात भरडतो तो चादरी बदलणारा आणि प्लेटा उचलणारा माणूस.

हा माणूस मात्र बिचारा वगैरे नाही बरं का! १९९१मध्ये 'फ्रंटियर' हॉटेलच्या साडेपाचशे कामगारांनी संप पुकारला. तो चालला सहा वर्षं चार महिने, आणि एकही जण फुटून कामावर गेला नाही. १९९८मध्ये हॉटेलचा मालक बदलला, संप जिंकला. त्यांच्या 'कलिनरी' युनियनचे आज सुमारे ६० हजार सदस्य आहेत. २०२३मध्ये संपाच्या नुसत्या तयारीवर त्यांनी भरघोस पगारवाढ मिळवली, शिवाय खोल्यांची रोज सफाई करारात घालून घेतली. रोज सफाई नसेल तर तितके हातही नकोत, हे त्यांना पक्कं ठाऊक.

तेव्हा जाणार असाल तर रूलेटला बसण्याआधी चाकावरचे झिरो मोजा. आणि रूम सोडताना उशीवर चार-पाच डॉलर ठेवा.