तेराव्यानंतरचं दुसरं वर्ष

देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, नर्मदेच्या बाजूच्या सतवास, कन्नौद, खातेगाव या पट्ट्यात घरातलं माणूस गेलं की अस्थी आणि क्रियाकर्मासाठी लोक नेमावरच्या घाटाची वाट धरतात. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं तिसऱ्या दिवशी तिथल्या रीतीप्रमाणे उठावणा करतात आणि दहाव्याला आपल्या रीतीप्रमाणे पिंड ठेवतात. गेलेली बाई तरुण असेल, मागे लहान मुलं असतील आणि कावळा पिंडाला शिवत नसेल, तर जमलेल्यांपैकी कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं. नवरा, दीर, भाऊ, कधी सासूसुद्धा. ‘पोरांची काळजी करू नको, आम्ही बघू त्यांच्याकडे,’ असं चारचौघांत मोठ्यानं सांगितलं जातं. कावळा त्यानंतर शिवतो की नाही, याच्याशी मला इथे कर्तव्य नाही. पालक गमावलेल्या मुलांचा शोक हा माझा अभ्यासाचा विषय आहे आणि या विषयात गेल्या पाऊणशे वर्षांत जे संशोधन झालं, ते फिरून फिरून त्या वचनापाशीच येतं. आईच्या मृत्यूनंतर मुलांचं काय होणार, हे त्यांचं दुःख किती खोल आहे यापेक्षा ‘आम्ही बघू’ म्हणणारे पुढे किती दिवस बघतात, यावर जास्त ठरतं. आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं आणि चौदाव्या दिवशी रिकामं होतं. मदतीचा हा काळ आणि मुलांच्या गरजेचा काळ एकमेकांना भेटत नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

याला सर्वांत भक्कम आधार अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाशी जोडलेल्या एका अभ्यासाचा आहे. विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी बोस्टन परिसरातल्या ७० घरांतली, आई किंवा वडील गेलेली ६ ते १७ वर्षांची १२५ मुलं निवडली, दोन्ही पालक हयात असलेल्या तशाच मुलांशी त्यांची तुलना केली आणि दोन वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. १९९६ साली ते निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. पहिल्या काही महिन्यांत शोकातली मुलं आणि इतर मुलं यांच्या वागण्यात फार मोठा फरक दिसला नाही. तो दुसऱ्या वर्षाअखेर उघड झाला: गंभीर भावनिक किंवा वर्तनाच्या अडचणी असलेली मुलं शोकातल्या घरांत शेकडा २१ होती, तर तुलनेतल्या घरांत शेकडा ६. म्हणजे ‘पोरगं बघा कसं सावरलं, रडलंसुद्धा नाही’ असं आपण ज्या महिन्यांत कौतुकाने म्हणतो, त्या महिन्यांवरून काहीच कळत नाही. मूल तेव्हा बापाच्या तोंडाकडे बघत असतं. त्याला आणखी त्रास नको म्हणून गप्प असतं. बाप थोडा स्थिरावला की मग मुलाची पाळी येते. शाळेत मारामारी सुरू होते, पोट दुखू लागतं, मुलगी अभ्यासातून उठते. तोवर दीड वर्ष लोटलेलं असतं आणि या लक्षणांचा आईच्या जाण्याशी संबंध आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आई जाणं आणि वडील जाणं यांत फरक आहे, हेही त्या अभ्यासात दिसलं. आई गेलेल्या मुलांच्या रोजच्या दिवसात अधिक उलथापालथ होते आणि जितके बदल जास्त, तितकं मुलांना जड जातं. कुठल्या वारी कुठला गणवेश, पाणीपुरीने कुणाला उलट्या होतात, धाकट्याला उजेड ठेवल्याशिवाय झोप लागत नाही, लसीचं कार्ड कुठल्या डब्यात आहे, हे सगळं बहुतेक घरांत एकाच माणसाला ठाऊक असतं. ते माणूस अचानक गेलं तर ही माहिती कुणाला सांगून जात नाही. दीर्घ आजारात निदान थोडं हस्तांतरण होतं. रस्त्यावरचा अपघात, सोयाबीनच्या शेतातला सर्पदंश, बाळंतपणातला रक्तस्राव यांत सकाळी होतं ते घर संध्याकाळी नसतं. बाळंतपणाचं नाव मी मुद्दाम घेतलं. २०१८-२०च्या सरकारी पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या होत्या, महाराष्ट्रात ३३. देवास जिल्ह्यातल्या एखाद्या गावात अचानक गेलेली आई हा म्हणूनच केवळ दैवाचा विषय नाही.

यावर पहिला आक्षेप मी नेहमी ऐकतो: हे सगळं बोस्टनच्या चौकोनी घरांचं झालं, आपल्याकडे आजी आहे, काकू आहे, आत्या आहे, मूल उघड्यावर पडत नाही. आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला बोस्टनमधून उत्तर देत नाही. बांगलादेशातल्या मतलब या ग्रामीण भागात अनेक दशकं घरटी जन्म-मृत्यूची नोंद ठेवली जाते. तिथे एकत्र नांदणारी कुटुंबं आणि हाकेच्या अंतरावरची भावकी आपल्यासारखीच आहे. १९८२ ते २००५ या काळातल्या नोंदींचा निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ मध्ये आला. दहा वर्षांचं होण्याआधी आई गेलेल्या मुलांची दहाव्या वर्षापर्यंत जगण्याची शक्यता शेकडा २४ होती. आई हयात असलेल्या मुलांची शेकडा ८९. वडिलांच्या मृत्यूने या आकड्यांत जवळजवळ फरक पडला नाही. सर्वांत जास्त मृत्यू तान्ह्या बाळांचे होते, आणि अंगावरचं दूध तुटणं हे त्याचं एक उघड कारण. तरीही आजी-काकूंनी भरलेल्या घरांतली ही गोष्ट आहे, हे विसरता येत नाही. मला एकत्र कुटुंबाची निंदा करायची नाही. पण एकत्र कुटुंब मदत करताना पुष्कळदा मुलं वाटून घेतं. थोरला आजोबांकडे, मधली मामाकडे, तान्हं मावशीकडे. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो. मुलाच्या बाजूने पाहिलं तर महिन्याभरात त्याची आई गेली, बहीण गेली, शाळा गेली, अंथरूण गेलं. भावंडांना एकत्र आणि शक्यतो त्याच घरात, त्याच शाळेत ठेवून मोठ्या माणसांनी तिकडे येऊन राहणं, हे मुलांना तिकडे नेण्यापेक्षा गैरसोयीचं असतं, आणि गैरसोय कुणी सोसायची असा खरा प्रश्न असतो.

या सगळ्यात बापाचा विचार आपण सर्वांत कमी करतो. हार्वर्डच्या अभ्यासात मुलांच्या पुढच्या स्थितीचा सर्वांत विश्वासार्ह अंदाज मागे राहिलेल्या पालकाच्या स्थितीवरून बांधता आला. अ‍ॅरिझोनात आयर्विन सँडलर आणि सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांसाठी बारा बैठकांचा एक कार्यक्रम आखला आणि पुढे अनेक वर्षं त्याचा परिणाम तपासला. तिथेही महत्त्वाचा भाग हाच निघाला: पालकाची माया आणि घराची शिस्त दोन्ही टिकवणं. आपल्याकडचा बाप दहाव्याला मुंडन करतो, तेराव्याला पंगतीत वाढतो आणि पंधराव्या दिवशी कामावर जातो. तो रडला तर त्याला ‘पोरांकडे बघ’ म्हणतात आणि नाही रडला तर ‘खंबीर आहे’ म्हणतात. पोरांकडे बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला कुणी सांगत नाही. सरकारी योजनांचीही तीच नजर आहे. मध्य प्रदेशात २०२२ साली आलेली मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना आई-वडील दोघेही गेलेल्या, नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना महिना चार हजार रुपये देते. ती योग्यच आहे. पण बाप जिवंत असलेलं, आई गेलेलं मूल तिच्यात बसत नाही. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना एक पालक गमावलेल्या मुलांनाही धरते, ही तिची मोठी जमेची बाजू. कमावता गेला तर घर उघडं पडलं असं मानायचं आणि घर चालवणारी गेली तर बाप बघून घेईल असं मानायचं, हा हिशेब मतलबच्या आकड्यांपुढे टिकत नाही.

देवास गावातच याचं एक ठळक, सार्वजनिक उदाहरण आहे. क्षयाने आजारी पडलेले कुमार गंधर्व १९४८च्या सुरुवातीला कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाणं बंद असलेल्या त्या वर्षांत त्यांची शुश्रूषा आणि घर दोन्ही पत्नी भानुमती यांनी ओढलं. कुमारजी पुन्हा गाऊ लागले, १९५६ साली मुकुल जन्मले आणि १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या, यशोवर्धन यांच्या जन्माच्या वेळी भानुमती गेल्या. पाच वर्षांचा एक मुलगा, एक तान्हं बाळ आणि एकच फुप्फुस धडपणे चालणारा बाप. पुढच्याच वर्षी कुमारजींनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न केलं. एका घरावरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि त्या घराच्या अंतरंगात डोकावणं मला शोभणारही नाही. पण उघड दिसणाऱ्या दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. नवी आई अनोळखी जगातून आली नव्हती. देवधर मास्तरांकडे शिकलेली, त्याच गाण्यात वाढलेली ती बाई होती. आणि घराचं नाव ‘भानुकुल’ राहिलं. पहिलीचं नाव मिरवणाऱ्या घरात दुसरीने २०१५पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत आयुष्य काढलं. ‘वर्षाच्या आत बोहल्यावर चढला’ म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडे कमी नाहीत. पुराव्याचं बोलायचं तर वर्डन यांच्या अभ्यासात पहिल्या वर्षातल्या बापाच्या अर्धवट, डळमळत्या नव्या जवळिकीने मुलं अस्वस्थ झालेली दिसली, तर योग्य वेळी झालेल्या पक्क्या लग्नाने बरीच स्थिरावली. सावत्र आई आली म्हणजे पहिलीचे फोटो माळ्यावर गेलेच पाहिजेत, ही अट मात्र मुलांना महागात पडते.

यावरूनच पुढचा मुद्दा येतो: मुलांशी त्यांच्या आईविषयी बोलावं का? ‘जखम उकरू नका, वेळ हेच औषध’ हा आपला ठाम समज. १९९६ सालीच डेनिस क्लास, सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात हे मांडलं गेलं की शोकात असलेली माणसं गेलेल्याशी नातं तोडत नाहीत, ते बदलून चालू ठेवतात. मराठी वाचकाला हे सांगायला परदेशी ग्रंथ कशाला हवा? साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. सोळा वर्षांनंतरही त्यांचं आईशी बोलणं चालूच होतं. फक्त एक सावधगिरी हवी. आईची देवता केली की मुलाला तिचा राग येण्याची सोय उरत नाही, आणि अचानक गेलेल्या आईचा मुलांना राग येतो, फार येतो. त्या रागाला घरात जागा मिळाली पाहिजे. तशीच ‘अहेव गेली, भाग्याची’ ही बायकांची समजूत. भरल्या कुंकवाने जाणं परंपरेत मानाचं असेल, त्यासाठी पितृपक्षात अविधवा नवमीही आहे. पण आठ वर्षांच्या मुलीच्या कानावर ते पडतं तेव्हा तिच्या आईचं मरण ही कुणाच्या तरी आनंदाची गोष्ट झाली असं तिला वाटू शकतं.

लहान मुलांना मृत्यू कळत नाही, हा याला जोडूनच येणारा आक्षेप. पाचाच्या आत तो पूर्ण कळत नाही, हे खरं. गेलेलं माणूस परत येत नाही ही समज साधारण पाच ते सातच्या दरम्यान पक्की होते. पण नेमक्या याच कारणाने ‘आई झोपली’, ‘आई गावाला गेली’ हे सांगणं वाईट. मूल शब्द जसाच्या तसा धरतं. मग ते झोपायला घाबरतं, किंवा बस थांबते तिथे जाऊन बसतं. ‘आईचं शरीर थांबलं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, ती आता परत येणार नाही, यात तुझी काही चूक नाही’ ही चार वाक्यं त्याला पुरतात. शेवटचं वाक्य तर सांगायलाच हवं. सकाळी आईशी भांडून शाळेत गेलेलं मूल संध्याकाळी काय समजतं, हे मोठ्यांना सुचत नाही. अंत्यदर्शनाला न्यावं का, तर काय दिसेल ते आधी सांगून आणि त्याची इच्छा विचारून न्यावं. फरफटत नेऊ नये आणि शेजारच्या घरी कोंडूनही ठेवू नये.

मग प्रत्येक मुलाला समुपदेशकाकडे न्यायचं का? नाही. इथे माझ्याच व्यवसायाला थोडं आवरलं पाहिजे. वरच्याच अभ्यासाचा दुसरा अर्थ असा की शेकडा सत्तरहून अधिक मुलं दोन वर्षांनी ठीक चालली होती, आणि सरसकट सगळ्यांना दिलेल्या शोकोपचारांचा फायदा नगण्य असतो हे नंतरच्या परीक्षणांत दिसलं आहे. शोकाच्या पाच पायऱ्यांचा आपल्याकडे इतका गजर होतो. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मरणपंथाला लागलेल्या रुग्णांवरून मांडल्या होत्या, मागे राहिलेल्यांवरून नव्हे. त्या पायऱ्या मोजत कुणाच्याही घरी जाऊ नये. मुलाला सहा महिने उलटूनही जवळजवळ रोज आईची तीव्र ओढ छळत असेल, शाळा-खेळ-मित्र सगळं सुटलं असेल, किंवा ‘मलाही तिच्याकडे जायचंय’ असं ते म्हणू लागलं, तर मात्र त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. बाकीच्यांना हवी ती ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी झोप, न रागावता ऐकणारं एक मोठं माणूस आणि आईचं नाव घेण्याची मुभा.

हे सगळं करायला आपल्याकडे सोय आहे, नवी संस्था काढावी लागत नाही. मासिक श्राद्ध आहे, वर्षश्राद्ध आहे, पितृपक्ष आहे. श्रद्धा असो वा नसो, या तारखा घराला माणसं जमवायला निमित्त देतात. वर्षश्राद्धाला स्वयंपाक कुणी करायचा यावर जितकी चर्चा होते, तितकीच पुढच्या वर्षी मुलांच्या शाळेत पालकसभेला कोण जाणार, दर बुधवारी कोण येणार, मुलीच्या पहिल्या पाळीच्या वेळी तिच्याशी कोण बोलणार, यावर व्हावी आणि नावं ठरावीत. दहाव्याला पिंडापुढे ज्यांनी तोंड उघडलं, त्यांची नावं त्या यादीत सर्वांत वर असावीत. शिक्षकांनाही सांगून ठेवावं. इयत्ता बदलली की नव्या बाईंना काहीच माहीत नसतं.

हा अंक तुमच्या हाती आहे तेव्हा फराळाचे डबे भरले जात असतील. ज्या घरातली आई या वर्षी गेली, तिथे सण नाही म्हणून नातेवाईक डबा पोहोचवतीलच. ज्या घरातली आई गेल्या दिवाळीच्या आधी गेली, तिथे यंदा कुणी जाणार नाही. तुमच्या माहितीत असं घर असेल तर डबा तिथे न्या, तासभर बसा, आणि मुलांसमोर त्यांच्या आईचं नाव घ्या.