शेवटची चिठ्ठी

आमच्या गल्लीतली भिशी बारा बायकांची. महिन्याला पन्नास रुपये, जुलै ते जून. पहिली उचल भिशी चालवणाऱ्या काकूंची, कारण कुणी पैसे थकवले तर भर त्यांनी घालायची. बाकीच्या अकरा नंबरांच्या चिठ्ठ्या मी काढायचे. माझ्याच वहीच्या पानाचे तुकडे, चार घड्या घातलेले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पोराच्या हाताला खोट नसते, असं सगळ्या म्हणायच्या.

आई इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरायला जायची. 1994 साली तिला ऑक्टोबर लागला. सहाशे रुपये, आणि तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर! आईनं ती चिठ्ठी शेजारच्या मावशींना दिली आणि त्यांचा जून घेतला. मावशींच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. मी दोन दिवस आईशी बोलले नाही. ती तर दरवर्षीच असा बदल करून शेवटचा नंबर घ्यायची.

पुढे एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलं तेव्हा भिशी अभ्यासात भेटली. टिमोथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी यांनी 1993 साली तिच्यावर निबंध लिहिला होता. त्यातला हिशेब सरळ आहे. एकटीनं पन्नास-पन्नास साठवले तर सहाशे व्हायला बारा महिने लागतात. बारा जणी एकत्र आल्या की अकरा जणींना ते त्याआधी मिळतात, आणि शेवटचीचंही काही जात नाही. वाचून मला आनंद झाला, पण आई त्यात कुठेच बसेना. लवकर मिळावं म्हणून भिशी, तर हिनं हातात आलेला ऑक्टोबर का सोडला?

उत्तर मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त ते उत्तर आहे हे कळलं नव्हतं. वडील एकदा म्हणाले होते, "बँकेत ठेव की, व्याज तरी मिळंल."

"बँकेतनं काढता येतंय," आई म्हणाली.

वडील वाईट नव्हते. त्यांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही, एवढंच. चुलत्याची नड, कुणाच्या लग्नातला आहेर, मित्राचं औषधपाणी. घरात पैसा आहे हे कळलं की मागायला माणूस यायचाच, आणि आईलाही तोंडावर नकार देणं जड जायचं. भिशीत अडकलेला पैसा मात्र कुणी मागू शकत नव्हतं. "भिशी भरायची हाय" म्हटलं की विषय संपायचा. आणि जूनमध्ये आम्हा तिघा भावंडांची वह्या-पुस्तकं, गणवेश, छत्र्या निघायच्या. माझं एकही वर्ष पुस्तकांवाचून सुरू झालं नाही.

सीवान अँडरसन आणि झाँ-मारी बालाँ यांचा 2002 सालचा निबंध नंतर वाचनात आला. नैरोबीतल्या किबेरा झोपडपट्टीतल्या अशाच मंडळांचा तो अभ्यास. त्यात बायकाच जास्त, आणि त्यातही नवऱ्यासोबत राहून स्वतः कमावणाऱ्या. पैसा घरापासून राखायला त्या मंडळात येतात, असा त्यांचा निष्कर्ष. माझे डोळे भरून आले.

आईला हे सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं शेवटचा नंबर मागून घेत्यात काय गं बायका?"