सहाव्या वर्षीची दाढ

पहिलीचा वर्ग म्हणजे दात पडण्याचा वर्ग. पाऊस लागता लागता शाळेत येणारी मुलं भरल्या तोंडाची असतात, आणि दिवाळीची सुट्टी लागेस्तोवर निम्म्यांचं बोळकं झालेलं असतं. पाढे म्हणताना 'सात' आणि 'सहा' फटीतून हवेसारखे निसटतात. कुणी दुपारच्या खिचडीत दात सापडला म्हणून ताट घेऊन माझ्या टेबलापाशी येतं, कुणी हलता दात जिभेने ढकलत खिडकीबाहेर बघत बसतं. अशा मुलाला मी कधी रागावत नाही. दात लोंबत असताना वजाबाकीत लक्ष कुणाचं लागणार?

पडलेला दात शेणाच्या गोळीत घालायचा, कौलांवर फेकायचा आणि उंदराकडे त्याच्यासारखा दात मागायचा. ही रीत आमच्या कुरखेड्यातही आहे. आता कौलं कमी झाली, घरकुलांवर स्लॅब आले, तरी मुलं अंगणात उभी राहून नेम धरतात. उंदराचा दात बारीक खरा, पण सरळ आणि धारदार. लेकराचा दात वाकडा येऊ नये ही काळजी गावात दातांचा डॉक्टर येण्याच्या किती तरी आधीची आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. फक्त ती दात पडल्यावर सुरू होते. ती त्याआधी सुरू व्हावी, एवढंच माझं मागणं आहे.

कारण या सगळ्या पडापडीत एक दात कुणाच्याही नकळत येतो. सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर दोन आणि खाली दोन. त्याच्यासाठी कुठला दात पडत नाही, रक्त येत नाही, कौलावर काही फेकावं लागत नाही. घरच्यांना वाटतं, हीसुद्धा दुधाचीच दाढ. ती मात्र जन्मभराची असते. बॅटरीच्या उजेडात मी ती पुष्कळ तोंडांत पाहिली आहे. आधी हिरडीतून एक टोक वर येतं, मग दुसरं. मागच्या बाजूला हिरडीचा पातळ पदर काही महिने तसाच दाढेवर पडून राहतो. शेजारच्या दुधाच्या दाढा निळसर पांढऱ्या, ही किंचित पिवळी आणि अंगाने थोराड. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात आणि त्या चिरांत भाताचं शीत, बिस्किटाचा लगदा दडून बसतो. उंचीला अजून बाकीच्या दाढांएवढी आलेली नसल्याने ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून तोंडात येऊन वर्ष-दोन वर्षं झाली नाहीत तोच तिला काळा ठिपका पडतो.

एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली वेड्यावाकड्या दातांची वर्गवारी मांडली. तिचा सगळा आधार ही दाढ. वरची दाढ खालच्या दाढेवर नेमकी कुठे बसते, पुढे की मागे, यावरून त्याने तीन वर्ग पाडले, आणि जगभरचे दातांचे डॉक्टर आजही तीच भाषा बोलतात. ज्या दाढेकडे घरात कुणाचं लक्ष नसतं, तिच्यावरून सगळ्या तोंडाचा हिशोब मांडला जातो.

"दुधाचे तं दात, पडतीनच ना बाई!" हे वाक्य मी पालकसभेत ऐकत आले आहे. म्हणणाऱ्या माउलीचा यात काही दोष नाही. तिला तिच्या आईने हेच सांगितलं. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, हे खरंच आहे. दुधाच्या दाढांना मात्र दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायचं असतं. त्यातली एखादी पाचव्या वर्षी किडते, पोर रात्रभर रडतं, सकाळी दाढ काढून टाकतात. ठणका थांबतो, घर निवांत होतं. खरं नुकसान त्यानंतर सुरू होतं. वडशाच्या स्टँडवर एस.टी. लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तेच काम ही दाढ करत असते: खाली हाडात घडत असलेल्या कायमच्या दाताची जागा धरून ठेवायचं. रुमाल उचलला की शेजारचा सरकणारच. सहाव्या वर्षीची दाढ पुढे कलते आणि जागा बळकावते. चार-पाच वर्षांनी त्या जागेचा धनी वर येतो तेव्हा त्याला उभं राहायला ठाव नसतो. मग तो गालाकडे निघतो नाही तर जिभेकडे, आणि कधी कधी हाडातच अडकून पडतो.

दाढ काढावीच लागली तर जागा राखायला उपाय आहे. मागच्या दाढेला धातूचं कडं बसवतात आणि त्याला जोडलेली तारेची छोटी कमान पुढच्या दाताला टेकवतात. डॉक्टर तिला स्पेस मेंटेनर म्हणतात. पण त्याहून किती तरी सोपं म्हणजे कीड बारीक असतानाच दाढ भरून घेणं, आणि त्याहूनही सोपं म्हणजे रात्री झोपताना मोठ्या माणसाने स्वतः लेकराचे दात घासून देणं. सहा-सात वर्षांच्या हाताला मागची दाढ सापडत नाही.

भात घरात आला की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात आणि शेवटचा पडदा पडतो तेव्हा पूर्वेकडे फटफटायला लागलेलं असतं. पुढे जागा धरून बसलेली मुलं दुसऱ्या अंकातच आडवी होतात, आईच्या शालीखाली, एकमेकांच्या पोटावर पाय टाकून. मला नाटक मनापासून आवडतं, पण दोन अंकांच्या मध्ये माझी नजर या झोपलेल्या तोंडांकडे जाते. मंडपाच्या पिवळ्या उजेडात दोन प्रकारची मुलं दिसतात. काहींच्या तोंडात अंगठा असतो. काहींचं तोंड सताड उघडं असतं, ओठ सुकलेले, श्वास घरघरता.

अंगठा तीन-चार वर्षांपर्यंत असला तर काही बिघडत नाही. पुढचे कायमचे दात यायला लागले आणि अंगठा तरीही तोंडातच राहिला, की वरचे दात पुढे येतात, खालचे आत झुकतात आणि मधे फट पडते. चौथीतल्या एका मुलीचे पुढचे दात मला आठवतात. नव्या दाताच्या कडेला तीन बारीक उंचवटे असतात, कातरीने कापल्यासारखी नक्षीदार कड. वरचे आणि खालचे दात रोज एकमेकांवर घासतात, तशी ती झिजून सरळ होते. या मुलीची कड मात्र जशीच्या तशी होती, कोरी. तिचे वरचे-खालचे दात एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. पेरू ती बाजूच्या दातांनी तोडायची, आणि ती असं का करते हे घरात कुणी विचारलं नव्हतं. अंगठ्याला मिरची लावणं, बोट बांधून ठेवणं, चारचौघांत लाज काढणं, असले उपाय मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला संताप येतो. लेकराला अंगठ्यात कसला आधार वाटतो ते आधी बघावं. समजावून, कौतुक करून सवय सुटते; नाहीच सुटली तर डॉक्टर टाळूपाशी एक तारेची जाळी बसवून देतात.

उघड्या तोंडाने झोपणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. बऱ्याचदा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतात, नाकाने श्वास पुरत नाही. जीभ टाळूला टेकायची सोडून खाली पडून राहते आणि वरचा जबडा रुंद व्हायचा तेवढा होत नाही. अशा मुलाला दातांच्या डॉक्टरच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

दात हलवता येतो, ही समज फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस याने लिहून ठेवलं आहे: दुधाचा दात पडायच्या आधीच नवा दात उगवला तर दुधाचा काढावा आणि नव्याला रोज बोटाने ढकलत त्याच्या जागेवर आणावं. आपल्याकडे काश्यपसंहितेत दातांच्या जन्मावर एक अख्खा अध्याय आहे. माझ्या वर्गात दर वर्षी एक-दोन मुलांच्या खालच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा दिसतात आणि आया घाबरून येतात. बहुतेक वेळा मागचा नवा दात, पुढचा दुधाचा पडला की, जिभेच्या रेट्याने आपणच पुढे येतो. वरचा एखादा दात खालच्या दाताच्या मागे अडकला असेल, तर वेळेत गाठल्यास कधी कधी नुसती लाकडी पट्टी दातामागे धरून, डॉक्टर सांगतील तशी, रोज दाबायला देतात. आइस्क्रीमच्या काडीसारखी पट्टी!

हे जमतं ते हाडामुळे. दातावर हलका पण सतत दाब असला की ज्या बाजूला तो ढकलला जातो तिकडचं हाड विरतं आणि मागे नवं हाड भरतं. मोठ्या माणसातही हे होतं, पण लेकराचा जबडा अजून वाढतोच आहे. टाळूच्या दोन अर्ध्यांमधला सांधा अजून पक्का झालेला नसतो. वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूला स्क्रूचं साधन बसवतात आणि आई घरी किल्लीने तो फिरवते. एका वेळी किल्ली फिरवली की साधारण पाव मिलिमीटर. काही आठवड्यांत टाळू रुंद होते. हेच विसाव्या वर्षी करायचं म्हटलं तर अनेकदा शस्त्रक्रिया लागते.

तरीही सातव्या वर्षी दिसेल त्या पोराला तारा लावा, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या दंततज्ज्ञांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासून घ्या म्हणते. तपासणं वेगळं, तारा लावणं वेगळं. वरचे दात पुढे असलेल्या मुलांवर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टरला मोठे अभ्यास झाले. लहानपणी एक उपचार आणि वयात येताना दुसरा, असं दोनदा केलं म्हणून शेवटी दात जास्त चांगले बसले असं दिसलं नाही. एक फायदा मात्र दिसला: पुढे आलेले दात पडून-झडून मोडण्याचं प्रमाण कमी झालं. सायकलवरून, हापशीच्या ओट्यावरून तोंडावर पडणाऱ्या मुलांच्या गावात ही गोष्ट लहान नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांमधली फट पाहूनही घाबरू नये. वर सुळे उतरत असतात, त्यांच्या रेट्याने दात फाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की ती फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. तिच्यासाठी पैसे खर्च करायची गरज नसते.

पैसे आणि रस्ता, हे दोन्ही इथे मोजूनच वापरावे लागतात. तारांचं काम म्हटलं की आमच्याकडे नागपूरचं नाव निघतं. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत जायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि तारा लागल्या तर हे महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा. ज्याला नागपूर लांब, त्याच्यासाठी दुधाची दाढ जास्त मोलाची. सहाव्या वर्षी लागणारं काम पुष्कळदा साध्या दातांच्या डॉक्टरकडे भागतं. बाराव्या वर्षी तेच तज्ज्ञाकडे न्यावं लागतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याचं पथक गाडीतून येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. दुभंगलेल्या ओठ-टाळूपासून किडलेल्या दातांपर्यंत तपासणी त्यांच्या यादीत आहे. पथकाकडे एका मुलासाठी वेळ थोडा असतो, म्हणून आधी कुणी तरी रोजच्या माणसाने तोंडात बघून ठेवलेलं बरं. याच कुरखेड्यातून डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची संस्था काम करते, आणि तिचं नावच 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' असं आहे. दातांच्या बाबतीतही सुरुवात घरातूनच करता येते.

म्हणून पालकसभेत मी आता मोजायला शिकवते. लेकराला उजेडाकडे तोंड करून बसवा. पुढच्या दोन दातांच्या मधोमध बोट ठेवा आणि एका बाजूने मागे मोजत जा. पाचपर्यंतचे दुधाचे, किंवा त्यांच्या जागी आलेले. सहावा दिसला तर ती जन्मभराची दाढ. सहाव्या वर्षी सहावा, लक्षात ठेवायला सोपं. परवाच्या सभेत पहिलीतल्या एका मुलीची आजी आली होती. आई रोवणीला गेलेली. आजीने पदराने बोट पुसलं आणि नातीच्या तोंडात घालून मोठ्याने मोजलं. उजवीकडे सहावा लागला. डावीकडे तिचं बोट पाचवर थांबलं. "इकडे तं नाई लागत, बाई. अन् ही पाचवी काळी दिसते." मी बॅटरी धरली. सहावी हिरडीखाली होती, फुगवटा दिसत होता. पाचवीला खड्डा पडला होता, पण ती अजून भरता येण्याजोगी होती. आजीला मी तेवढंच सांगितलं: ही काढू देऊ नका, भरून घ्या, सहावी यायच्या आत. मुलीचं नाव पथकासाठीच्या यादीत लिहिलं आणि पुढच्या पालकाला बाकावर बोलावलं.