तांबं की अ‍ॅल्युमिनियम?

वरुडात कुणालाही इथल्या पाण्याबद्दल विचारा. तो दोन गोष्टी सांगेल. पाणी खोल गेलंय आणि पाणी जड आहे. दोन्ही खरं. वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या बाबतीत अतिशोषित ठरलेले आहेत आणि संत्र्याच्या बागा तर बोअरवरच उभ्या आहेत. याच पाण्यानं चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो. याच पाण्यानं ठिबकची तोंडं बुजतात, म्हणून शेतकरी ठिबकला अ‍ॅसिड देतात. आणि हेच पाणी गाडीच्या रेडिएटरमध्येही ओतलं जातं.

आमच्या घरी अब्बांची जीप आहे. महिंद्राची एमएम ५४०, हिरवा रंग, कापडी टप. ८०च्या दशकात ही गाडी बाजारात आली तेव्हा प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं डिझेल इंजिन ही तिची मोठी ओळख होती. अब्बा संत्र्याचे व्यापारी. आमच्यात बागवानी हा पिढ्यांचा धंदा. म्हणजे बाग आपली नसते, झाडावरचा माल आपला असतो. झाडावर फळ असतानाच बगीचा पाहायचा, अंदाज बांधायचा, सौदा करायचा आणि मग तोडा, भरणी, गाडी सगळं आपल्या अंगावर. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या बगीच्यांना जाणारे रस्ते पावसाळ्यानंतर कसे असतात ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. काळ्या मातीत मोटरसायकल रुतते, पिकअप घसरते. जीप चारही चाकं लावून निघते.

अब्बा गेल्यावर धंदा धाकट्या भावानं सांभाळला, मी मास्तरकी. जीप दोघांची. गेल्या मृग बहाराच्या तोड्याच्या वेळी, मार्चच्या उन्हात, चढावर काटा लाल पट्टीत जायला लागला. थांबायचं, बोनट उघडायचं, अर्धा तास थंड होऊ द्यायचं, पुन्हा निघायचं. मजूर बगीच्यात पोहोचायला अकरा वाजले तर तोडा कसा व्हायचा? पुढचा आंबिया बहार ऑक्टोबरमध्ये तोडणीला येणार होता. त्याआधी निकाल लावणं भाग होतं.

भावाचं म्हणणं सरळ होतं. "भाईजान, गाडी भावनेवर चालत नाही. भंगारात देऊ, वर थोडे टाकून जुनी पिकअप घेऊ." त्याचा मुद्दा हलका नव्हता. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० वरून ५००० रुपये झाली होती. वर राज्याचा पर्यावरण कर. अशा गाडीत अजून पैसा घालायचा का, हा प्रश्न रेडिएटरच्या आधीचा होता. आम्ही ठरवलं की आधी आजार नक्की करू, मग औषधाचा खर्च पाहू, मग गाडी ठेवायची की नाही ते बोलू.

गाडी गरम झाली की प्रत्येक जण रेडिएटरकडे बोट दाखवतो. ते नेहमी बरोबर नसतं. पंख्याचा पट्टा ढिला असेल, पाण्याचा पंप झिजला असेल, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, तरी लक्षण तेच दिसतं. वरच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. मग नवा रेडिएटर लावून काहीच उपयोग नाही. झाकणही तपासावं. ते नुसतं बूच नसतं. ७ पौंडांचा दाब धरणारं झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १२ अंशांनी वर नेतं. त्याची स्प्रिंग सैल झाली की पाणी आधीच उकळतं. "थर्मोस्टॅट काढून फेका" हा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो. तो घेऊ नये. डिझेल इंजिनला ठरावीक गरमी लागते. कायम थंड चाललं की डिझेल नीट जळत नाही आणि इंजिन लवकर झिजतं.

आमच्या जीपचं हे सगळं ठीक निघालं. मग मिस्त्रीचाचांनी रेडिएटर उतरवला, वरच्या टाकीचा डाग सोडवला आणि आत बॅटरी मारली. निम्म्या नळ्या पांढऱ्या झालेल्या. चाचांनी सळईच्या टोकानं थोडं खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं.

"ये पानी नै भाई, चुना है. रेडेटर बदलो, इंजन बदलो, पानी नै बदले तो फिर मेरेच पास आओगे."

यात सगळं आलं. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे विरघळलेले क्षार असतात. पाणी तापलं की ते घट्ट होऊन धातूला चिकटतात. हा थर उष्णता अडवतो आणि नळीचं तोंडही बारीक करतो. वरून दर आठवड्याला बाटलीभर पाणी टाकलं की दर आठवड्याला थोडा नवा चुना आत जातो.

आता पर्याय तीन होते. पहिला, सळया घालून नळ्या साफ करणं. स्वस्त, पण आमच्या नळ्या आतून खाल्लेल्या होत्या, एकदोन ठिकाणी आधीच डाग मारून बंद केलेल्या. दुसरा, बाजारात तयार मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, प्लास्टिकच्या टाक्यांचा. तिसरा, जुन्याच पितळी टाक्या ठेवून मधली जाळी, म्हणजे कोअर, तांब्या-पितळेची नवी बसवून घेणं. हा सगळ्यात महाग.

तांब्याबद्दल लोक एक गोष्ट ठासून सांगतात की तांबं गाडी जास्त थंड ठेवतं. ती अर्धी खरी आहे. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं, हे बरोबर. पण जुन्या रेडिएटरमध्ये तांब्याच्या असतात त्या फक्त पातळ पट्ट्या. पाणी वाहतं त्या नळ्या पितळेच्या असतात आणि पितळ याबाबतीत अ‍ॅल्युमिनियमच्याही मागे आहे. दोघांच्या मध्ये कथील-शिशाचा डाग. उलट अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात आणि पट्ट्यांना भट्टीत एकजीव जोडता येतात. त्यामुळे नीट बनवलेला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर थंडाव्यात कमी पडत नाही, वजनात तर बराच हलका. नव्या गाड्यांमध्ये तोच येतो, तो केवळ स्वस्त म्हणून नाही.

मग फरक कुठे पडतो? वापरणाऱ्यात आणि गावात. अ‍ॅल्युमिनियमला साधं पाणी सोसत नाही, कूलंट लागतंच. प्लास्टिकची टाकी तडकली किंवा दगड लागून नळी फुटली तर वरुडात ती जोडणारा कुणी नाही. काढायचा, फेकायचा, नवा मागवायचा. मागवलेला येईपर्यंत तोडा थांबत नाही. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला मात्र डाग मारायला एक बर्नर, कथील आणि चाचांसारखा हात पुरतो. दोन तासांत गाडी रस्त्यावर.

तुम्ही निवड करत असाल तर दुकानात फक्त गाडीचं नाव सांगू नका. या जीपांमध्ये वर्षानुवर्षं इंजिनं बदलली गेलीत. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत दोन इंजिनं सापडतात. जुना रेडिएटर सोबत न्या. कोअरची उंची, रुंदी, जाडी मोजा. वरच्या-खालच्या पाइपची बाजू आणि व्यास, बोल्टची भोकं, सगळं जुळवा. तीन लाइनच्या जागी चार लाइनचा जाड कोअर घ्यायचा मोह होतो, पण पंखा आणि जाळीत अंतर उरलं पाहिजे. शिवाय जाड आणि दाट जाळीतून हवा जायला जोर लागतो. शेतातल्या गाडीत तर धूळ आणि कुटार अडकून ती लवकर बुजते. आमच्या कामाला तीन लाइन आणि थोडी मोकळी जाळी बरी, असं चाचा म्हणाले. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं अनेक जण अडचण म्हणून काढून टाकतात. ते असू द्या. पंखा सगळ्या जाळीतून हवा ओढतो तो त्या कड्यामुळेच.

चाचांच्या घरात आधी भांड्यांना कल्हई करायचं काम होतं. स्टील आलं, कल्हई गेली. तेच कथील, तीच आच घेऊन त्यांच्या वडिलांनी रेडिएटर धरला. आता अ‍ॅल्युमिनियम आलंय. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. विदर्भातल्या कितीतरी गावांत गॅरेजच्या ओळीत आपली माणसं आहेत. हात काळे करून कमावलेली ही इज्जत आहे आणि ती एका एका धातूबरोबर सरकत चालली आहे. याचं रडगाणं चाचा गात नाहीत. शिशाचा धूर मुलाच्या छातीत गेला नाही याचा त्यांना आनंदच आहे.

खरं तर या जीपच्याच कंपनीची गोष्ट अशीच आहे. १९४५ साली ती सुरू झाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली इथल्या पाटीवर महिंद्रा अँड महिंद्रा आलं. अब्बा हे हसत सांगायचे आणि पुढे म्हणायचे, "मोहम्मद गेला तो गेला, इथं राहिलेल्यांनी जीप चालवायची."

आम्ही तांब्याचा कोअर घेतला. भाऊ कसा तयार झाला, ते सांगायला हवं. मी त्याला अब्बांचं नाव घेऊन अडवलं नाही. आम्ही एका कागदावर दोन्ही बाजू लिहिल्या. पिकअपला किती टाकावे लागतील, ती कुठल्या बगीच्यांपर्यंत पोहोचणार नाही, ते सौदे सोडले तर किती जातील. शेवटची ओळ भावानंच लिहिली. वरच्या अंगाचे चार बगीचे जीपशिवाय होत नाहीत. त्यातल्या एका शेतकऱ्यानं त्याला सांगितलं होतं, "तुमचे अब्बा आले का पयले झाडाचं बूड पाह्यत, मंग फळ. आता तं लोक सडकेवरूनच भाव सांगतात." सौदा तिथे जाणाऱ्याला मिळतो. हिशेब तिथे संपला.

कोअर नागपूरहून आला, टाक्या चाचांनी बसवल्या. नवं झाकण, नवे पाइप, आणि आत निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. इंजिनमधला जुना चुना नव्या जाळीत येऊ नये म्हणून आधी आतला सगळा मार्ग धुऊन घेतला. बोनटच्या आतल्या बाजूला भावानं पांढऱ्या रंगानं लिहिलं, "बोअरचं पाणी टाकू नये." ड्रायव्हर हसला. बागेला चालतं ते पाणी गाडीला का चालत नाही, असं त्यानं विचारलं. भावानं त्याला ठिबकचा एक बुजलेला ड्रिपर फोडून दाखवला. आता सीटखाली डिस्टिल्ड पाण्याचा कॅन असतो.

आंबियाच्या तोड्याला जीप चारही बगीच्यांत गेली. काटा मध्यावर राहिला. पुढचं नूतनीकरण येईल तेव्हा गाडी ठेवायची की नाही, हे आम्ही पुन्हा कागदावर मांडू. तोवर चाचांची तब्येत बरी राहो, ही दुआ.